सायकलसाठी घेतलेली गाडी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरातल्या जुन्या चाव्यांसारखे ते एका डब्यात पडून राहतात. कुठली चावी कुठल्या कुलपाची हे कोणाला आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

आमच्या रविवारच्या सायकल मंडळाचा डबाही असाच भरलाय. मंडळ म्हणजे तीन सायकली आणि एक छोटी इलेक्ट्रिक गाडी. एक सायकल अण्णांची स्वतःची, सुधीरची आणि माझी भाड्याची. अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, सुधीरचा रायपूरच्या समता कॉलोनीत दातांचा दवाखाना, आणि मी बँकेतून सुटलेला. गाडी मालूवहिनींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची.

अण्णांना काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कडेचं दिसणं जाईल, मधलं शेवटी. गर्दीत सायकल बंद. अण्णांनी विचारलं, गर्दी नसेल तिथं? डॉक्टर काही बोलले नाहीत. अण्णांनी ते 'हो' धरलं.

शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरचे रस्ते सकाळी एवढे रिकामे असतात की मधोमध सतरंजी अंथरावी. पण तिथवर जायची वाट गर्दीची. म्हणून सायकल गाडीवर लादून न्यायची, असं ठरलं.

* * *

शोरूममध्ये लोक विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती चालते. अण्णा गेले ते मोजपट्टी घेऊन. डिकी मोजली, छत मोजलं, मागचा काचेचा दरवाजा मोजला. त्यांची काळी उंच सायकल कुठेच मावत नव्हती.

सेल्समन नम्रपणे म्हणाला, "अंकल, कार ले रहे हैं, तो अब साइकिल किसलिए?"

"भैया," अण्णा म्हणाले, "कार सायकलसाठीच घेऊन राहिलो."

* * *

गाडी वहिनींनी चालवायची होती. एकसष्टाव्या वर्षी त्या शिकल्या. क्लच नाही, गिअर नाही, म्हणून तर इलेक्ट्रिक.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि त्या शांत बसून राहिल्या. गाडीचा आवाजच नाही, तेव्हा ती सुरू झाली नाही असं समजून त्यांनी पाय आणखी दाबला. गाडी सरळ समोरच्या फाटकावर!

शेजारीण धावत आली. वहिनी खाली उतरल्या, फाटकाला हात लावून नमस्कार केला आणि पुन्हा आत बसल्या. त्यांना नंतर मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "मी नाही शिकली तर ते एकटे जातीन."

* * *

शेवटी मागे लावायचा स्टँड मिळाला. पण त्याच्या पट्ट्यांवर अण्णांचा विश्वास नव्हता. त्यांनी वहिनींच्या जुन्या सुती पातळांचे काठ फाडून घेतले आणि सायकल त्या काठांनीच बांधली. गाठ मारायची, हात फिरवून बघायची, आणि मोठ्यांदा म्हणायचं, "गाठ एक, पक्की." मग दुसरी. सिग्नल खात्यातली सवय.

सायकलीमागे नंबर प्लेट झाकली गेली. चौकात पोलिसानं अडवलं. पुढच्या रविवारी अण्णांनी पुठ्ठ्यावर नंबर लिहून तो सायकलच्या सीटला टांगला. तोच पोलीस, तोच चौक. त्यानं पुठ्ठा वाचला, जरीच्या काठांच्या गाठी बघितल्या, आत बसलेले अण्णा बघितले. "हव, जावव," एवढंच छत्तीसगढीत म्हणाला आणि जा म्हणून हात केला.

त्यानंतर तो आम्हाला ओळखायला लागला.

* * *

गाडीत एक रीत होती. रेल्वेत इंजिनवर दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यांदा सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. अण्णांनी हे घरच्या गाडीत आणलं. वहिनी म्हणायच्या, "लाल." अण्णा म्हणायचे, "लाल." वहिनी, "हिरवा." अण्णा, "हिरवा."

मागच्या सीटवर सुधीर आणि मी हसू दाबून बसायचो. आमच्या सायकली भाड्यानं तिथंच मिळायच्या, त्यामुळे आम्ही नुसते प्रवासी. एकदा सुधीर म्हणाला, सिग्नल तर सगळ्यांनाच दिसतोय. अण्णांनी मान न वळवता सांगितलं, "दिसते ते वेगळं. कबूल करणं वेगळं."

* * *

नवा रायपूरला पोचल्यावर अण्णा एकटे पुढे जायचे. कोणी सोबत आलेलं त्यांना खपत नसे. सुधीर आणि मी दुसऱ्या रस्त्यानं.

पण वहिनींनी आवाज न करणाऱ्या गाडीचा फायदा घेतला. शंभरेक पावलं मागे राहून त्या हळूहळू अण्णांच्या मागे जायच्या. अण्णा वळायच्या आत गाडी परत आपल्या जागी. आम्हाला त्यांनी देवाची शपथ घालून गप्प बसवलं होतं. दोन हिवाळे हे चाललं. परत आल्यावर अण्णा घाम पुसत सांगायचे, एकटं फिरण्यासारखं सुख नाही. वहिनी थर्मासमधला चहा ओतत "हो का" म्हणायच्या.

मला खरं सांगायचं तर त्या वेळी दोघांकडे बघवत नसे.

* * *

पुढचा किस्सा मी गाडीत असताना घडला, पण सुधीरशी बोलण्याच्या नादात मला कळला नाही. वहिनींनीच नंतर सांगितला, डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून.

सिग्नल लाल होता. त्यांनी गाडी थांबवली, आणि काय मनात आलं कोण जाणे, मोठ्यांदा म्हणाल्या, "हिरवा."

अण्णा म्हणाले, "हिरवा."

"मी असं काहून केलं हो, भाऊजी," त्या मला विचारत होत्या. "चाळीस वर्षांत त्यांच्यासंग खोटं नाही बोलली."

त्या दिवसापासून वहिनींनी सिग्नल सांगणं बंद केलं. अण्णांनीही विचारलं नाही. रविवारी गाडी मुकाट चालायची, आणि मागे आम्हाला हसू दाबायची गरज उरली नाही. सुधीर म्हणाला, आता सायकल थांबवायला सांगितलंच पाहिजे. सांगणार कोण, यावर आम्ही तीन रविवार घालवले.

* * *

चौथ्या रविवारी अण्णांनी नेहमीसारखी चाचपून गाठी सोडल्या. सायकल खाली घेतली. मग सुधीरकडे पाना मागितला आणि हँडलवरची घंटी खोलायला बसले.

आम्हाला वाटलं, झालं. सुधीरनं तोंड फिरवलं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

अण्णांनी घंटी वहिनींच्या हातात दिली. "हे गाडीले लाव. आजपासून मागं येऊ नको, पुढं चाल."

वहिनींचा चेहरा पडला. "मागं कोण येते?"

"तूच येते. गाडीचा आवाज नाही, पण खिडकी उघडी राहते ना. मी रस्त्यातल्या स्पीडब्रेकरवरून गेलो की 'अगं बाई' म्हणते. पहिल्या दिवसापासून ऐकून राहिलो."

अण्णाच मग हळू म्हणाले, "आणि त्या दिवशी लाल होता. मले दिसला नाही, पण गाडी उभी होती ना, मालू."

"मग हिरवा काहून म्हटलं?"

"तू म्हटलं म्हणून."

वहिनींनी पातळाचा एक काठ घेतला आणि घंटी उजव्या आरशाला बांधली. गाठीवर हात फिरवून बघितला. मग गाडीत बसल्या, काच पूर्ण खाली केली आणि निघाल्या, माणूस चालेल त्या वेगानं. एक हात स्टिअरिंगवर, एक हात बाहेर घंटीवर. अण्णा त्या आवाजाच्या मागे सायकलवर. त्या दिवशी आम्हीही दुसऱ्या रस्त्यानं गेलो नाही.

रस्ता रिकामा होता. थोडं पुढे गेल्यावर घंटी थांबली आणि वहिनींचा आवाज आला, "ब्रेकर."

मागून अण्णा म्हणाले, "ब्रेकर."