शैलाची हाक

जिन्यात कुणीतरी मुलाला हाक मारली आणि ती घुमत माझ्यापर्यंत आली. एम.ए.ची सहल आठवली. कड्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, “स्वतःचं नाही, शेजारणीचं नाव घेऊन ओरडा. ओळखी होतील.”

मी ओरडले, “शैला!” दरी ते नाव घोळवत राहिली. शैलानं माझा हात घट्ट धरला. “अजून एकदा मार ना हाक. सासरी सगळे सूनबाईच म्हणतात गं.” मग साऱ्या वर्गानं तिला हाका मारल्या.

दुसऱ्या वर्षाला ती आलीच नाही. का, ते कधी कळलं नाही. दरीत गेलेल्या हाका कुठं जिरतात, कोण जाणे.

जिना रिकामा झाल्यावर मीही हाक मारून पाहिली, “शैला!”

वरून बाईचा आवाज आला, “कोण हवंय?”

मान वर करायचा मला धीर झाला नाही.