वेलीची वाटणी

वालावलच्या तेंडोलकरांपैकी भिकाजीवर गावाने तक्रारखोरपणाचा शिक्का मारला आणि तो पुसण्याची तसदी पुढे कोणी घेतली नाही. ज्या गावात माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वी त्याच्या स्वभावाचा निकाल लागतो, तिथे नीट मांडलेला मुद्दासुद्धा कुरकुर ठरतो. भिकाजी मॅट्रिक झालेला होता, कुडाळच्या कचेरीत कारकून होता, आणि वाक्य अर्धवट सोडणाऱ्या माणसांविषयी त्याच्या मनात कायमची अढी होती. कचेरीची भाषा तो घरीही बोले. त्याचा धाकटा भाऊ सत्यवान गावातच किराणा मालाचे दुकान चालवी. तो म्हणायचा, "रे, हय साहेब नाय बसलो. माणसासारखो बोल."

या भिकाजीच्या आयुष्यातली दहाएक वर्षे एका वेलीने खाल्ली. लोक हसतात ते एवढेच ऐकून. पण त्याला वेल नको होती, अक्का हवी होती.

अक्का ही दोघा भावांची थोरली बहीण. सत्यवानाच्या बाळंतपणात आई गेली तेव्हा भिकाजी नुकता पाऊल टाकू लागला होता. त्याला पेज भरवली ती अक्काने, पाटीवर श्री काढून दिला तो अक्काने, आणि लग्न होऊन ती पणजीला गेली तेव्हा शाळेतून परत येऊन दाराआड रडला तो भिकाजी. तिचे यजमान तिथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ते वारल्यावर डॉक्टरांच्या मुलींना शिवणकाम शिकवत ती त्यांच्याच माडीवर राहिली. एक्कावन्न साली ती माहेरी परतली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक होती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला वेलीचा एक तुकडा.

तुकडा दिसायला काहीच नव्हता. बोटाएवढ्या जाड कांडीला एक पेर, पेराशी सुतळीसारखे लोंबणारे एक मूळ आणि एकच पान. पण ते पान हातभर रुंद होते आणि त्याला जागोजाग लांबट भोके होती, जणू कोणी कात्रीने खिडक्या कापल्या होत्या. अक्का त्या वेलीला झरोकी म्हणे. तिने तो तुकडा नदीच्या वाळूत नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळून लावला, पेर तेवढे झाकले, कांडी उघडी ठेवली, आणि ऊन लागू नये म्हणून वर सुपाचा आडोसा केला. दिवाळीपर्यंत वेल अंगणातल्या चिऱ्याच्या खांबावर चढली. हिच्यासारखी वेल साऱ्या मुलुखात कोणाकडे नव्हती. पुढे गोव्याची हद्द बंद झाली, येणेजाणे तुटले, आणि मूळ वेल कशी होती हे पाहून येण्याची सोयही उरली नाही.

छपन्न साली भाऊ वेगळे झाले. आपल्याकडे फणस एकाच्या परड्यात असतो आणि त्याचे अर्धे गरे दुसऱ्याचे असतात, तेव्हा वाटणीत वेलीचा विषय निघाला याचे कोणाला नवल वाटले नाही. विषय निघाला तो अक्कामुळे. दोघेही भाऊ तिला आपल्याकडे राहा म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "माझी वेल जेच्या वाट्याक, तेच्याकडे मी."

तिने हे कोणाचे मन मोडू नये म्हणून म्हटले असेल, किंवा थट्टेने. भिकाजी ती अट समजला. अटीचा अर्थ लावणे हा त्याचा पेशाच होता.

वेलीचे मूळ भिकाजीच्या बाजूला होते. शेंडा मात्र खांबावरून सत्यवानाच्या वळचणीला गेला होता, आणि सगळी मोठी, झरोक्यांची पाने तिकडे होती.

"ज्याची जमीन, त्याचे मूळ. आणि ज्याचे मूळ, त्याची वेल," भिकाजी पंचांना म्हणाला. "याला दुसरा अर्थ संभवत नाही."

"बरा तर," सत्यवान म्हणाला, "मूळ तू घे. माका पानां दी. मुळांचो काय मी हार करू?"

पंच हसले. मधे अंगण दुभागणारा चिऱ्यांचा गडगा घालायचा ठरला आणि गडग्याच्या रेषेवर वेल कापली गेली. शेंड्याचा भाग सत्यवानाने तेलाच्या डब्यात लावून ओटीच्या खांबापाशी ठेवला. त्या संध्याकाळी दोघेही भाऊ आपण दुसऱ्याला फसवले अशा समाधानात जेवले. अक्का भिकाजीकडे राहिली, कारण मूळ त्याचे होते.

पुढच्या पावसात भिकाजीच्या खुंटाला कोंब फुटला. त्याने तो रोज पाहिला, त्याला पाणी घातले, शेण घातले. कोंबाला पान आले. ते विड्याच्या पानाएवढे होते, हृदयाच्या आकाराचे, सबंध. दुसरे आले, तेही तसेच. भोक नाही, चीर नाही. लहान आहे, मोठे झाल्यावर फाटेल, असे त्याने स्वतःला समजावले. वेल खांब सोडून जमिनीवर लांबत गेली आणि दहा पाने झाली तरी सगळी सबंधच.

अक्काच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. तिला आकार धूसर दिसत. वेल ती बोटांनी पाही. एका सकाळी ओलसर फडके घेऊन ती पाने पुसायला बसली आणि थांबली.

"भिका, ह्या काय लावलंस?"

"काहीही लावलेले नाही. ही तुझीच वेल आहे."

"ही माझी न्हय." तिने पान दोन बोटांत धरून दाखवले. "हेका झरोकोच नाय."

"मुळावरूनच फुटली आहे, अक्का. मी स्वतः पाहिले आहे."

"पानवेल खुपसलंस आसशील खंयची तरी."

भिकाजीची बायको कावेरी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आक्कांनू, ह्यांका भाजीची मेथी लावूक जमाक नाय, ते वेल खंयची बदलतले?"

हा पुरावा भिकाजीच्या बाजूचा होता, पण असा पुरावा कोणाला हवा असतो? संध्याकाळी अक्काने दोन लुगडी बोचक्यात बांधली. गडग्याला वाट नव्हती, म्हणून पाणंदीने वळसा घालून, हाताने कुंपण चाचपत ती सत्यवानाकडे गेली. तिथे डब्यातल्या वेलीची पाने मोठी होती आणि त्यांना झरोके होते.

भिकाजीला काय घडले ते कळेना. आपण लबाडी केली नाही एवढे त्याला पक्के ठाऊक होते. मग वेल का बदलली? त्याने कारणांमागून कारणे लावून पाहिली. खत चुकले असेल. कापताना सत्यवानाने काही घातले असेल. निम्म्या गावाने मात्र सोपा निष्कर्ष काढला: भिकाजीने खरी वेल मारली आणि बहिणीला ठेवून घेण्यासाठी भलतीच लावली. शिकलेला माणूस, तो काय करणार नाही? ज्यांना दोन ओळींचा अर्ज लिहायला भिकाजीचे दार लागत होते, तेच हे बोलत होते.

आणि मग सत्यवानाची वेलही बिघडली.

ओटीचा खांब वळचणीपाशी संपला. वेलीला पुढे आधार मिळाला नाही, ती खाली लोंबू लागली, आणि लोंबत्या फांदीवर आलेले प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान निघाले. जुनी पाने पिवळी होऊन गळली. वर्ष-दीड वर्षात तिकडेही विड्याची पाने हलू लागली. सत्यवान गडग्याशी येऊन उभा राहिला.

"काय केलंस रे?"

"मी? तुझ्या ओटीवर पाय ठेवून मला किती वर्षे झाली, ते आठव."

"मगे ही तुझ्यासारखी कशी झाली?"

"हाच प्रश्न मी तुला विचारणार होतो."

भांडावे कशावरून हेच ठरेना. शेवटी सत्यवानाने देवाकडे जायचे काढले. भिकाजीचा या गोष्टीवर विश्वास नव्हता, पण न गेल्यास ती गुन्ह्याची कबुली समजली जाईल, म्हणून तो गेला.

ग्रामदेवतेच्या देवळातला लवू गुरव कौल लावण्यात जुना. त्याने पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या, पडेल त्या बाजूचा कौल, आणि विचारले, "बोला. काय गाराणा घालू?"

"मूळ वेल कोणाकडे आहे, हे विचारावे," भिकाजी म्हणाला. "आणि 'मूळ' या शब्दाने येथे अस्सल असा अर्थ अभिप्रेत आहे, हेही सांगावे."

"देवाक ह्या सगळा सांगू?"

"सांगावे. नाहीतर संदिग्धता राहते."

लवूने जमेल तसे सांगितले. पाकळ्या हलल्या नाहीत. समई मंद झाली, त्याने तेल घातले, पुन्हा गाऱ्हाणे घातले. ना उजवी पडली, ना डावी. बाहेर बसलेली माणसे आळस देऊ लागली. अखेरीस लवू उठला, गुडघे चोळत म्हणाला, "देव बोलणा नाय. माका वाटता, तेका प्रश्न समाजलोच नाय."

अक्काचे काय, असे कोणीच विचारले नाही. ती सत्यवानाकडेच राहिली. भिकाजीने ऐकले ते एवढेच की आता ती कोणत्याच वेलीची पाने पुसत नाही. ओटीवर बसते आणि हात मांडीवर ठेवते.

गोवा मोकळा झाला तेव्हा भिकाजीने रजा टाकली. "पाव्हण्यांकडे जाणा होयना, आणि वेलीक बघूक पणजेक?" कावेरी म्हणाली, आणि वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या.

डॉक्टर वारले होते. त्यांच्या सूनबाईंनी, हा मनुष्य वेल पाहायला कुडाळहून आला आहे यावर आधी विश्वास ठेवला नाही, मग मागचे परसू दाखवले आणि त्या आत निघून गेल्या. विहिरीजवळ एक जुनाट आंब्याचे झाड होते. झरोकी त्याच्या बुंध्याजवळून निघून खोडाला बिलगत माडीच्या सज्ज्यापर्यंत गेली होती. सज्ज्यापाशी तिची पाने सुपाएवढी होती, झरोक्यांनी चाळणी झालेली. भिकाजीने समाधानाचा श्वास सोडला. मग त्याची नजर खाली आली. बुंध्यापाशी विड्याची पाने होती. सबंध, हृदयाच्या आकाराची, हुबेहूब त्याच्या अंगणातली.

त्याच्या मनात पहिला विचार कोकणातल्या कोणाही माणसाच्या मनात येईल तोच आला: हे कलम आहे. खाली एक जात, वर दुसरी. तो सांधा शोधू लागला. खालून वर, पेरापेरावरून त्याने बोट फिरवले, हात पुरेना तेव्हा विहिरीच्या कठड्यावर चढला. कुठे गाठ नव्हती, कुठे बांधल्याची खूण नव्हती. मधल्या उंचीवर एका पानाला एकच भोक होते, त्याच्या वरच्याला दोन. तो पुन्हा खाली उतरला आणि पुन्हा वर पाहिले. एकच वेल. मग त्याची तक्रार कोणाविरुद्ध होती?

परतल्यावर तो पाणंदीने वळसा घालून सत्यवानाच्या ओटीवर गेला. वेगळे झाल्यापासून पहिल्यांदाच.

"अक्का, त्या वेलीला खाली सबंध पाने आहेत. तुला ठाऊक होते?"

"खाली?"

"बुंध्याशी. आंब्याच्या."

"मी माडयेर ऱ्हवायचंय रे. सज्ज्यातली पानां पुसायचंय. विधवा बाई, परड्यात कित्याक उतरतलंय?" मग ती म्हणाली, "खाली ती अशी आसता?"

सत्यवान आतून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी भिकाजीने जमिनीवर पसरलेली आपली वेल उचलली आणि परड्यातल्या पोफळीच्या खोडाला काथ्याने बांधली. पोफळ बारीक वाटली म्हणून खोडाभोवती सोडणे बांधली आणि ती ओली ठेवली. वेलीची लोंबती मुळे त्यात शिरली. वर जाताना पाने रुंद होत गेली, पण सबंधच राहिली, आणि आपण पणजीला पाहिले ते खरेच पाहिले का, अशी शंका त्याला येऊ लागली. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, डोक्याच्या वर हातभर, एक पान उलगडले. त्याच्या शिरेपाशी एक भोक होते. किडीचे असेल म्हणून त्याने कडा निरखल्या. कडा गुळगुळीत होत्या.

अक्काला त्याने स्वतः हाताला धरून आणले. शिडी लावून ते पान हलकेच तिच्या चेहऱ्यापर्यंत वाकवले. तिने बोट भोकातून आरपार घातले, काढले, पुन्हा घातले.

"ही माझी," ती म्हणाली.

नंतर तिचा हात खाली सरकत गेला आणि सबंध पानांवर आला. तिथे तो थांबला. "आणि ही पण," ती म्हणाली, पण ते विचारल्यासारखे म्हणाली.

कावेरीने पाट मांडला. अक्का जेवली, भिकाजीच्या हातचे पाणी प्यायली, दुपारभर पोफळीखाली बसून हाताला लागतील तेवढी पाने तिने पुसली. भिकाजी वाट पाहत होता. अट पूर्ण झाली होती. दिवे लागायच्या वेळी ती उठली.

"जातंय आता. सत्यवान दुकानातसून येतलो."

"पण वेल इकडे आहे, अक्का. तूच म्हणाली होतीस."

"होय. म्हणान सकाळी येतलंय."

आणि ती सकाळी आली. रोज येऊ लागली. फडके घेऊन यायची, जेवायची, संध्याकाळी जायची. कावेरी न विचारता तिचे ताट वाढू लागली. अक्का राहते कोणाकडे, असे कोणी विचारले तर भिकाजीला उत्तर देता येईना. दावा जिंकला म्हणावा तर माणूस रात्री पलीकडे निजते. हरला म्हणावा तर सकाळी त्याच्या अंगणात तिचा खोकला ऐकू येतो. ती वेलीसाठी येते की आपल्यासाठी, हे विचारावे असे त्याच्या अनेकदा मनात आले. प्रश्न नेमका कसा मांडावा हे ठरले नाही, म्हणून त्याने विचारले नाही.

पाणंदीत पाऊसपाण्याचे शेवाळ धरले. एकदा अक्का घसरून बसली. लागले नाही, पण पुढच्या रविवारी भिकाजी पहार घेऊन गडग्याशी गेला आणि पोफळीसमोरचे चिरे काढू लागला. पलीकडून सत्यवान आला. पाहत उभा राहिला.

"काय करतंस?"

"तिका वळसो पडता," भिकाजी म्हणाला. कचेरीची भाषा कुठे गेली, हे त्याच्याही लक्षात आले नाही.

सत्यवानाने पलीकडून हात लावला. वरचा चिरा निघाला. भिकाजीने तो उचलून छातीशी धरला, आणि तेव्हा त्याला आठवले की गडग्याचे चिरे निम्मे त्याचे होते आणि निम्मे सत्यवानाचे. हा कोणाचा? त्याने उलटसुलट करून पाहिला. मग तो चिरा तसाच धरून तो उभा राहिला, कोणत्या बाजूला ठेवावा हे न कळून.