पाहुणे दारात आणि कारंजं बंद

मंडळी, आज मला बघायला फलटणचे पाहुणे आले होते. घरोघरी कारंजी आणि कमळाची तळी बसवून देणं हा माझा धंदा. मलकापूरला आमच्या अंगणातलं तळंही मीच बांधलंय. आणि आज सकाळी नेमकं त्यातलंच कारंजं बंद पडलं!

पदर खोचून तळ्यात उतरले, पंप वर काढला. जाळीत शेवाळ गच्च बसलं होतं. ते उपसत होते तोवर गाडी दारात. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले, आणि समोर मुलाची आई! माझ्या आईनं तर डोळेच मिटले.

"हे काम लग्नानंतरबी करणार व्हय?" त्यांनी विचारलं.

हातातलं शेवाळ बाजूला टाकत मी म्हणाले, "व्हय, करणार."

त्या आपल्या मुलाकडं वळल्या. "मग उभा का रं? ती पंप बसवती तवर तो पाईप धर की!"

पंप बसवून मी बाहेर आले, बटण दाबलं. पाईप त्याच्या हातातून सुटला आणि इस्त्रीचा शर्ट चिंब! सगळे हसलो, सगळ्यात जास्त तोच.

कांदेपोहे नंतर झाले. माझा होकार त्याआधीच, ओल्या साडीत देऊन झाला होता. तुमचं कसं जुळलं, सांगा की!