काळ्या स्क्रीनवरची मेल

पंखा थांबला आन् टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. म्हंजी लाईट गेली. मेल निम्मीच लिहून झाली व्हती.

यूपीएस म्हंजी जड डबा, आत बॅटरी. लाईट गेली की कॉम्प्युटर त्याच्यावर चालतो. आमची बॅटरी जुनी, लय तर आठ-दहा मिन्टं टिकायची. लोडशेडिंगची पाळी पाचला व्हती, लाईट गेली सव्वातीनलाच. आता सात वाजेपर्यंत नाव न्हाई. आन् मेल चारच्या आत जायला पायजे व्हती.

आमचं वर्कशॉप भांडगावला, हायवेला लागून. साखर कारखान्याच्या चेन बनवायचो. ऐन गाळपात एका कारखान्याची उसाची चेन तुटली. त्यांची मेल आली, एवढे साइज हायेत, कवा देताय ते चारच्या आत लिहून कळवा, न्हाईतर दुसऱ्या पार्टीला सांगतो. फोनवर चालणार न्हवतं. फॅक्स लाईटीवर. इंटरनेटची लाईन एकाच कॉम्प्युटरला, माझ्या.

मला जन्मापासून दिसत न्हाई. नववीपर्यंत अंधशाळेत शिकले, मग लग्न, मग पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला. माझ्या कॉम्प्युटरमधी स्क्रीन रीडर हाय, म्हंजी स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. माऊस न्हाई, समदं बटनांवर. बाण दाबला की फुडची मेल बोलतो, कंट्रोल आन् एन दाबलं की नवीन मेल उघडते. बोलतो इंग्रजीत, बाप्याच्या आवाजात, भरभर. चहापाणी बघणाऱ्या आप्पांनी पहिल्याच दिवशी इचारलं, पोरी, आत कोण बसलाय?

मला स्क्रीनचा काय उपेग? म्हणून मी मॉनिटर बंदच ठेवायची. आठ-दहा दिवस झाले आन् गावडेसाहेब, आमचे मॅनेजर, मागं येऊन उभे राहिले. म्हणले, "ताई, बंद कॉम्प्युटरफुडं हेडफोन लावून बसलाय. गाणी ऐकताय का?" मी सांगायला गेले आन् बोबडी वळली. त्यांनी सांगितलं, स्क्रीन चालू पायजे, शेठ आले तर काम दिसलं पायजे. तवापासून मी मॉनिटर चालू ठेवायची. रोज सकाळी बटन दाबताना धाकधूक, लागला का न्हाई.

महिनाभराची ट्रायल व्हती. शनिवारी संपणार, आन् हा गुरुवार. घरी खुटबावला आठ महिन्यांची लेक, सासूबाईंपाशी. त्यांनी सांगून ठेवलं व्हतं, पक्की झालीस तर पोर सांभाळते, न्हाईतर कशाला रोजचे एसटीचे हेलपाटे.

तर साहेब बाजूला उभे राहून साइज आन् कवा देणार ते सांगत व्हते. म्हणले, लिहा लिहा, थांबू नका. घाईत बोटं भलतीकडंच पडत व्हती. अक्षर चुकलं की कानात तो चुकलेलं अक्षर बोलायचा, मी खोडायची, परत चुकायची. साहेब मिन्टं मोजत व्हते. तीन झाली. चार झाली.

आन् एकदम पुण्याचे सर आठवले. त्यांनी सांगितलं व्हतं, समद्यात जास्त करंट मॉनिटर खातो. मी हात फुडं केला, चाचपून मॉनिटरचं बटन दाबलं.

"अहो, बंद काय केलात!" साहेब ओरडले आन् खाली वाकले. त्यांच्या घड्याळाचा पट्टा माझ्या गुडघ्यापाशी वाजला. टेबलाखाली कॉम्प्युटरचा मोठा डबा, त्याचं बटन दाबून परत चालू करायला निघालेले. ते दाबलं असतं तर खरंच बंद झाला असता, मेल गेली असती, मीबी गेले असते. मी बटनावर पंजा ठेवला. त्यांचं बोट माझ्या हातावर पडलं.

"साहेब, हात लावू नका."

माझा मलाच आवाज वळखू येईना. घरात कुणाला असं बोलले न्हवते कधी.

"काळं झालंय, ताई. काय चालू हाय त्यात?"

मी हेडफोनची पिन उपसली. आवाज स्पीकरातनं बाहेर आला. वरचा बाण दाबला, तसा तो सगळ्या हापिसाला साइज वाचून दाखवायला लागला. साहेब एकेक आकडा ऐकत गेले. मग हळूच म्हणले, "थांबा. तिसरा आकडा चुकलाय. बारा न्हाई, तेरा."

इतका वेळ स्क्रीन चालू व्हती, तवा कुणाला दिसलं न्हवतं.

तेरा केलं. आल्ट आन् एस दाबलं, मेल आउटबॉक्समधी गेली. आउटबॉक्स म्हंजी दारात चप्पल घालून उभी असलेली मेल, अजून गेलेली न्हाई. फोनच्या लाईनीवरनं इंटरनेट लावलं. कॉम्प्युटरातल्या मोडेमची किरकिर झाली, लाईन बिझी. परत लावलं, परत बिझी. यूपीएस टीं टीं करतोय. साहेब म्हणले बारा मिन्टं, ह्यो कसा काय चाललाय अजून. तिसऱ्यांदा लाईन लागली. मी सेंड केलं, मग पाठवलेल्या मेलच्या खान्यात जाऊन बाण दाबला. पहिलीच आमची. तो कारखान्याचं नाव बोलायला लागला आन् निम्म्या नावावर यूपीएसनं लांब शिट्टी दिली. सगळं गप. आता खरंच बंद झाला व्हता.

साहेबांनी लगेच कारखान्याला फोन लावला. मी कान तिकडं लावला. तिकडचा आवाज मला ऐकू येईना. साहेब नुसतं व्हय, व्हय म्हणत व्हते. मग फोन ठेवला.

"मिळाली. चेन आपल्याकडंच."

आप्पांनी बशीत चहा वतून माझ्या हातात दिला, म्हणले, साखर जास्त घातलीय.

शनिवारी साहेब ट्रायलचं काय बोललेच न्हाईत. दुपारी माझ्या मॉनिटरला कायतरी चिकटवून गेले. मी बोटानं बघितलं, कागद. आप्पांना इचारलं काय लिवलंय. त्यांनी वाचलं, "कॉम्प्युटर चालू आहे. हात लावू नये."

मी म्हणलं, आन् माझं काय? आप्पा म्हणले, "तू जाणार असतीस तर पाटी कशाला लावली असती?"

घरी सासूबाईंना सांगितलं, पक्की झाले. त्या म्हणल्या, कागद कुठाय? मी म्हणलं, कागद मॉनिटरला चिकटवलाय. त्यांनी लेकीला माझ्या मांडीवर दिलं आन् सोमवारची गाडी किती वाजता ते इचारलं.

त्या कामातनं शिकले ते एवढंच. लाईट गेली की आधी मॉनिटर बंद करा. पर त्याच्याबी आधी शेजारी उभ्या माणसाला सांगा.