एल्स्पेटने दुरुस्त केलेली कादंबरी

आमच्या बंदरातल्या एल्स्पेट रॉबने तरुणपणी वीस हंगाम हेरिंग मासे साफ केले होते. १९५८ साली एडिनबरोचे लेनीसाहेब इथे येऊन १९११च्या मासळी-हंगामावर कादंबरी लिहू लागले, तेव्हा मीच त्यांना तिच्याकडे नेलं. मी वाचनालय सांभाळायचे आणि त्यांची पानं टाइप करून द्यायचे.

साहेबांनी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. नायिका गुलाबी बोटांनी मासे चिरत सूर्यास्त बघत होती.

"ती सूर्यास्त बघत होती, मग सुरीकडे कोण बघत होतं?" एल्स्पेटने विणता विणता विचारलं. "आणि चिंध्या कुठायत?"

"कसल्या चिंध्या?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांना धक्क्यावर घेऊन गेली. पिठाच्या पोत्याच्या चिंध्या त्यांच्या बोटांना दोऱ्याने बांधल्या आणि मीठ मारलेली टोपलीभर मासळी पुढ्यात ठेवली. तासाभरात एक चिंधी सुटली, बोट कापलं, मीठ आत गेलं. संध्याकाळपर्यंत साहेब खोलीत लिहीत बसले. मग चार पानं लिहून आणली. ती टाइप करताना माझंच बोट चुरचुरलं.

"आता एक खरा प्रसंग घाला," एल्स्पेट म्हणाली. "मासळीची लाकडी पिंपं बनवणारा मॅग्नस आमचा मुकादम. पहाटे पाचला दार बडवायचा, 'उठा, बोटं बांधा.' मी तापाने फणफणले होते, तरी उठवलं. दुपारी त्याच्या हॅटमध्ये मी माशांची आतडी भरली. त्याने ती चारचौघांत डोक्यावर चढवली. आजही सांगतो, सीगल पक्ष्याने घाण केली."

"हे कोणाला पटायचं नाही, बाई."

"चिंध्या तरी तुम्हाला कुठे ठाऊक होत्या?"

पुस्तक निघालं, त्यात हॅटचा प्रसंगही होता. मुकादमाचं नाव बदललेलं होतं, तरी पंच्याहत्तरीचा मॅग्नस तिसऱ्याच दिवशी काठी आपटत वाचनालयात आला. एल्स्पेट तिथेच होती. तिन्ही दिवस येऊन बसत होती.

"पान एकशे बारा," तो मला म्हणाला. "साफ चूक. हॅट घालायला मी काय बँकेत होतो? लोकरीची टोपी होती ती. आठवडाभर धुतली तरी वास जाईना."

बोलून गेल्यावर आपणच कबुली दिल्याचं त्याच्या ध्यानात आलं. कान लाल झाले.

"टोपीच होती," एल्स्पेट म्हणाली. "हॅट मी मुद्दाम सांगितली. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मॅग्नस खुर्चीत टेकला. "तुला ताप होता, हे मला माहीत नव्हतं."

"सांगितलं होतं मी."

"मग मी ऐकलं नसेल," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "त्या लेखकाला कळवा. टोपी. निळी."