यमुनेपलीकडची घरभेदी

इंदुमतीबाई फितूर झाल्या, ही बातमी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी घरांत दुधाच्या आधी पोचली. गुन्हा एवढाच, की नवरा निवृत्त झाला, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि यमुनेपलीकडे नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला गेल्यावर त्यांनी तिथेच गणपती बसवायचं ठरवलं.

आता दोन बस बदलून रोज जुन्या मंडळात आरतीला जाणं हे काही खायचं काम नव्हतं. शिवाय सोसायटीत पुण्या-मुंबईची पोरं आली होती, नव्या नव्या कंपन्यांत कामाला. त्यांच्यातला धीरज एकदा म्हणाला, "काकू, चलो ना यार, इथेच बसवू. तुम्ही असाल तर बिल्कुल टेन्शन नाही." ज्या बाईने आर. के. पुरमच्या मंडळात उभी हयात नाटकं बसवली, आरतीत बेसूर ओरडणाऱ्या साहेबलोकांना नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं, तिला कुणी अशी हाक मारावी आणि तिने नाही म्हणावं?

आर. के. पुरमात मात्र शब्दांना धार चढली. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब एरवी फायलीवर 'योग्य कारवाईसाठी सादर' यापलीकडे काही लिहीत नसत. ते भर सभेत उभे राहून 'फितुरी' म्हणाले. कुणी म्हणालं, खाल्ल्या घरचे वासे मोजले. कुणी म्हणालं, बाईने केसाने गळा कापला. गंमत बघा, याच मंडळींनी आपापल्या पोरांना बजावून ठेवलं होतं, की सरकारी नोकरीच्या नादी लागू नका, प्रायव्हेटच बघा. त्याला कुणी फितुरी म्हणत नव्हतं. त्याला प्रगती म्हणत.

इंदुमतीबाई हे सगळं हसण्यावारी नेत होत्या. मग 'घरभेदी' हा शब्द कानावर आला, आणि तो गिरिजाने वापरला होता. गिरिजा म्हणजे जुन्या क्वार्टरातली वरच्या मजल्यावरची त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघींच्या आमटीच्या वाट्या रोज जिना चढायच्या-उतरायच्या. नोएडाच्या गणपतीचं तिला कळलं ते अण्णासाहेबांच्या तोंडून, त्या सभेत, चारचौघांत. तिला आधी सांगायचा इंदुमतीबाईंना धीरच झाला नव्हता.

"आई, घरभेदी म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या लेकीने, तेजश्रीने विचारलं.

"घरातलाच माणूस शत्रूला जाऊन मिळाला, की तो घरभेदी."

"अच्छा. मग शत्रू कोण, नोएडा?"

इंदुमतीबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं.

विसर्जनाला दोन्ही मंडळं यमुनेच्या एकाच घाटावर आली. वाटल्या डाळीचा डबा घेऊन इंदुमतीबाईंनी गर्दीत गिरिजाला गाठलं. "घे गं, प्रसाद आहे." गिरिजाने हात पुढे केला नाही. "आमच्याकडे केलीय," एवढं म्हणून तिने पाठ फिरवली. प्रसादाला कुणी नाही म्हणतं का? म्हणतं. जीव पोळला की माणसाला देवाचंही नको होतं.

वर्षं गेली. नोएडाचा गणपती चांगला बाळसं धरू लागला, मांडवाला कंपन्यांचे फलक लागले. अण्णासाहेबही निवृत्त होऊन शेजारच्या सेक्टरात राहायला आले आणि आरतीला पहिल्या रांगेत उभे राहू लागले. फितुरीचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. गिरिजा मात्र एकदाही आली नाही. दर वर्षी इंदुमतीबाईंची नजर मांडवाच्या दाराशी जायची आणि रिकामी परत यायची.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात गिरिजा, घामाघूम. पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच ती म्हणाली, "यांची रिटायरमेंट आली. आम्ही नागपूरला चाललो, कायमचे."

जिच्या येण्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ती जाते म्हणून सांगायला आली होती. इंदुमतीबाईंचा तोल गेला. "दगाबाज! मला इथे टाकून चाललीस?"

"म्हण, काय म्हणायचं ते म्हण," गिरिजा म्हणाली. "मंडळात अजून कुणाला माहीत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी तुझ्याकडे आले."

फितुरीला, वाशांना, कापलेल्या गळ्याला, सगळ्याला इंदुमतीबाईंनी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवून त्यांनी गिरिजाचे दोन्ही हात धरले.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या.