पडद्याआडची एम. ए.

हसू नका, पण गिरिजाला मी चक्क शिष्ट समजले होते. शारजात, अल मजाजला आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये रोज दिसायची. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी, नजर वरच्या आकड्यांवर. बड्या घरची असणार, असं मी ठरवूनच टाकलं. एकदा विचारलंसुद्धा, तुमच्याकडे कामाला येणारी बाई आमच्याकडे येईल का? ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी पडद्याआड राहते." एका कुटुंबाच्या हॉलमधला कोपरा, मध्ये पडदा, महिना आठशे दिरहम, म्हणजे आपले एकोणीस हजार. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुण्यात दिवसा टायपिंग करत तिनं बाहेरून एम. ए. केलं. विषय अमेरिकन कादंबऱ्यांतली गरीब माणसं. इथे सोळा वर्षं एका इन्स्टिट्यूटच्या व्हिसावर ती घरोघरी हेच शिकवतेय. दुबई मरीनाच्या महागड्या टॉवरमधली तिची विद्यार्थिनी ईशानी एकदा पुस्तकातल्या उपाशी कुटुंबाबद्दल म्हणाली, "मॅम, दे शुड जस्ट मूव्ह समव्हेअर चीपर." गिरिजानं तिला तासभर समजावलं आणि दोन बस बदलून पडद्याआड परत आली.

यंदा एका शाळेनं पक्की नोकरी देऊ केली. राहायला स्वतंत्र खोली, दाराला कडी. अट एकच, डिग्रीला इथली मान्यता हवी. मी चिडवायची, खोली मिळाली की पहिली झोपायला मीच येणार, आमचे हे फार घोरतात. तीही लाजून हसायची. बुधवारी ईमेल आली. वर्गात बसून केलेली डिग्री नाही, म्हणून मान्यता नाही. शाळेनं दुसरी बाई घेतलीसुद्धा. गिरिजाचं वय एक्कावन्न.

"खलास," एवढंच म्हणाली. मी पोहे पुढे ठेवले आणि नको ते बोलले. तिनंच मला वाचायला दिलेल्या कादंबरीतली लॉन्ड्रीवाली नाही का, कष्ट करून शेवटी दुकानाची मालकीण झाली?

"कष्टानं नाही झाली."

मी हटून बसले. अगं, रात्रंदिवस इस्त्री करते ती, मी स्वतः वाचलंय.

"इस्त्री करतच राहते. मग मावशी मरते आणि दुकान तिच्या नावावर ठेवून जाते."

अशी कुठली मावशीबिवशी नाही, म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर नाही आज. ती उठली, माझ्या लोणच्याच्या बरणीखालून पुस्तक ओढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्या नाकासमोर धरलं.

मावशी होती.

"वाचा ना, ताई. मोठ्यानं वाचा," गिरिजा म्हणाली आणि पोह्यांची बशी जवळ ओढली.